खाली उतरून चाला: कोकणातल्या सोप्या, एका दिवसाच्या पायवाटा

मुंबई-पुण्याकडे चालायला जायचं म्हटलं की बोलणं थेट राजगड, हरिश्चंद्रगड नाहीतर कळसूबाईवर जाऊन थांबतं. ज्यांनी कधी डोंगर चढलेला नाही, ज्यांच्यासोबत आठ वर्षांचं मूल आणि सत्तरीची आई आहे, त्यांना मग वाटतं की हे काही आपलं काम नव्हे. अशांना मी घाट उतरून खाली जायला सांगते. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत गावोगाव पाखाड्या, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटा आहेत, दोन कुंपणांमधल्या पाणंदी आहेत, सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावरून गेलेल्या गुरांच्या वाटा आहेत आणि ओहोटीला मोकळी होणारी लांबलचक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा आहे. खाली सुचवलेल्या वाटांवर मोठा चढ कुठेच नाही. जास्तीत जास्त अर्ध्या-पाऊण तासाची चढण, बाकी सपाटी. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी समुद्रावर बसून चहा पिऊ शकतो.

मात्र उंची कमी म्हणून तयारी कमी, असा हिशोब इथे चालत नाही. घाटमाथ्यावर दमवतो तो चढ. कोकणात दमवतं ऊन आणि दमट हवा, आणि वाट अडवतो समुद्र. दिवसाचं वेळापत्रक या दोघांना विचारून ठरवायचं. एवढं जमलं की बाकी सगळं सोपं आहे.

आधी महिना ठरवा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. भात कापून झालेलं असतं, मळे मोकळे असतात, बांधावरून कुणाचं नुकसान न करता चालता येतं आणि सकाळी दहापर्यंत हवेत गारवा टिकतो. ऑक्टोबरात पाऊस गेलेला असला तरी उकाडा अंगाची काहिली करतो. मार्च ते मे आंब्या-काजूचे दिवस, मन ओढ घेतं, पण नऊ-साडेनऊनंतर जांभा असा तापतो की खालून आणि वरून दोन्हीकडून भाजून निघतं. या महिन्यांत जायचंच असेल तर साडेसहाला चालायला लागा आणि साडेनऊला सावलीत परत या.

जून-जुलै नवख्यांनी सोडून द्यावेत. पाखाडीच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, वहाळ, म्हणजे ओढा, तासाभरात फुगतो आणि समुद्र खवळलेला असतो. पावसाळ्यातला एकच काळ मी आवर्जून सुचवेन, तो म्हणजे गणपती विसर्जनानंतरचे दोन-तीन आठवडे. गाड्यांची गर्दी ओसरलेली असते आणि उघडाबोडका सडा फुलांनी भरलेला असतो. सीतेची आसवं निळी-जांभळी, गेंदाची पांढरी टिकलीएवढी डोकी, मधूनच तेरडा. हे पाहायला खाली वाकावं लागतं, गाडीतून दिसत नाही.

मग पंचांग उघडा

समुद्राकाठी चालणाऱ्याला भरती-ओहोटी कळलीच पाहिजे. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत सव्वासहा तास, आणि रोज ही सगळी वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. यावरून किनाऱ्यावरची जुनी माणसं एक सोपा हिशोब करतात: तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला, ओहोटी सकाळी नवाच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आगेमागे. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच.

हा अंदाज आहे. दक्षिणेकडे, मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला, भरती मुंबईपेक्षा जरा लवकर येते. म्हणून महिना आणि दिवस ठरवताना तिथी पाहा, पण आदल्या संध्याकाळी त्या बंदराचं भरतीचं कोष्टक फोनवर बघा आणि धक्क्यावरच्या एखाद्या कोळीदादाला किंवा गाबीतकाकांना विचारून खात्री करून घ्या. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढेमागे उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप मागे जातं. मुंबईकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी. नवख्या माणसाला भांगाचे दिवस बरे.

सकाळी चालायचं तर चतुर्थी, पंचमी, षष्ठी या तिथ्या सोयीच्या, कारण ओहोटी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येते. फक्त एक लक्षात ठेवा: कृष्ण चतुर्थी म्हणजे संकष्टी. पाण्याचा हिशोब जमला तरी गणपतीच्या देवळांच्या वाटा त्या दिवशी माणसांनी भरलेल्या असतात, आणि अंगारकी असेल तर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा गणपतीच्या गावांना पंचमी.

नियम एकच. पाणी उतरत असताना निघायचं आणि ते पुन्हा चढायला लागायच्या आत परत यायचं. भरती सुरू झाल्यावर पहिल्या तासात पाणी फारसं वाढत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात झपाट्याने वाढतं. खडकांत अडकण्याचे प्रकार तेव्हा होतात.

पहिली वाट कुठली?

अगदीच सवय नसेल तर गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा. देवळामागची टेकडीच देव मानलेली असल्यामुळे प्रदक्षिणा टेकडीभोवती घालायची. बांधलेली वाट, साधारण एक किलोमीटर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. अर्ध्या तासात होते. सकाळी लवकर जा, फरशी तापायच्या आत. पुळ्याच्या समुद्रात मात्र पोहायला उतरू नका, इथे माणसं बुडाली आहेत.

त्यानंतर आंजर्ले. दापोली तालुक्यातलं हे गाव पाखाडी म्हणजे काय ते शिकायला चांगलं. गावातून कड्यावरच्या गणपतीकडे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट चढते. आता वरपर्यंत गाडीरस्ता झाला आहे आणि बहुतेक जण तिकडूनच जातात, पण आपण चालायला आलोय. दोन्ही बाजूंनी गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, त्यापलीकडे माडपोफळी. पायऱ्या एकसारख्या नसतात, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, मधल्या भागात पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी झिजून खोलगट झालेल्या. म्हणून पाखाडी चढताना मधून चालू नका, कडेला पाय टाका. तिथे चिरा खरखरीत असतो आणि पाय धरतो. उतरतानाही तसंच. म्हाताऱ्या माणसांना गडग्याच्या बाजूने ठेवावं, हाताला आधार होतो, फक्त सुटा दगड धरू नये.

वर पोचल्यावर दक्षिणेला हर्णैचं बंदर आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसतो. मूर्ती उजव्या सोंडेची. देवळाचा जीर्णोद्धार 1768 ते 1780 या काळातला. दर्शन झालं की त्याच पाखाडीने खाली या आणि ओहोटी असेल तर आंजर्ल्याच्या पुळणीवर उत्तरेकडे मनसोक्त चाला. पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट असते, तिथे पाय रुतत नाहीत. वरच्या कोरड्या वाळूत चाललात तर दुप्पट दमाल.

मुंबईकरांना एका दिवसात जाऊन यायचं असेल तर कोर्लई. अलिबागच्या पुढे रेवदंड्याचा पूल ओलांडला की कुंडलिका खाडीच्या तोंडावर समुद्रात घुसलेला डोंगर दिसतो, तोच किल्ला. पायथ्याशी दीपगृह आहे आणि तिथूनच पायऱ्या वर जातात. वीस मिनिटांची चढण, पण सावली नाही, म्हणून आठच्या आत. पोर्तुगीजांनी हा डोंगर 1594 साली निजामशाहीकडून जिंकला. वर एकामागोमाग दरवाजे ओलांडत चिंचोळ्या माथ्यावरून चालायचं, दोन्हीकडे पाणी. पडकं चर्च आहे, टाकं आहे. तटावर चढून फोटो काढू नका, दगड सुटे झाले आहेत. उतरल्यावर गावात थोडं थांबा. कोर्लईतले ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीजपासून घडलेली आपली वेगळी बोली बोलतात. परतीच्या वाटेवर रेवदंड्याच्या तटाबुरुजांतून तासभर फिरलात की दिवस भरगच्च होतो.

हरिहरेश्वर: समुद्र वाट देतो तेव्हाच

ही वाट सुंदर आहे आणि जपून करायची आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगते. श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री जिथे समुद्राला मिळते त्याच्या उत्तरेला हरिहरेश्वर. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, असा दर्शनाचा रिवाज. देवळामागून प्रदक्षिणेची वाट टेकडीवर चढते. चढ मोजका. माथ्यावरून पलीकडे वळलं की दोन कातळांच्या मधल्या अरुंद खिंडीतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. समोर फक्त पाण्याची एक उभी पट्टी दिसत राहते आणि आवाज वाढत जातो.

खाली लाटांनी कापून काढलेला सपाट खडकाचा ओटा आहे. त्याच्या कडेच्या भिंती पाहण्यासाठी वेळ राखून ठेवा. खाऱ्या पाण्याचे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे करतात. असं वर्षानुवर्षं होऊन अख्ख्या भिंतीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. बोट घालून पाहिलं तर आतली कड धारदार लागते आणि टोकाला रवाळ माती येते. खडकातल्या डबक्यांत खेकडे, शंख, कधी छोटे मासे अडकलेले असतात. ते बघा, उचलू नका.

आता जपायचं काय ते. भरतीच्या वेळी हा ओटा लाटांखाली जातो आणि मोठी लाट माणसाला ओढून नेते. इथे जीव गेले आहेत, तसे फलकही लावले आहेत. तेव्हा ओहोटीच्या साधारण दोन तास आधी देवळातून निघा. पंचमीला ओहोटी साडेनवाच्या सुमारास, म्हणजे साडेसातला चालायला लागायचं. तासाभरात फेरी होते, पण दीड तास धरा. खडकावर जिथे ओलं आणि हिरवं दिसतं तिथे पाय नको, कोरड्या काळ्या खडकावरून चाला. पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. लहान मुलाचा हात सोडायचा नाही. पावसाळ्यात, आणि उधाणाच्या दिवशी समुद्र उसळलेला असेल तर, ही वाट करायचीच नाही. देवळातल्या गुरुजींनी किंवा बाहेरच्या दुकानदाराने ‘आज नको’ म्हटलं तर तिथेच विषय संपला.

सड्यावर: देवाचे गोठणे

समुद्रकाठ म्हणजे फक्त पुळण असं समजून बरेच जण सड्यावर जातच नाहीत. खाडीकाठच्या गावांच्या डोक्यावर जांभ्याचं सपाट पठार पसरलेलं असतं, त्याला सडा म्हणतात. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावी भार्गवरामाचं मंदिर आहे. मंदिरापासून वाट झाडीतून वर सड्यावर निघते. आधी गर्द सावली, मग काजू-करवंदीची झुडपं, आणि शेवटच्या वळणानंतर एकदम उघडा कातळ.

या कातळात माणसाची आकृती कोरलेली आहे. कोकणात अशी कातळशिल्पं शेकडोंनी आहेत. त्यांतल्या नऊ जागा 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आल्या, आणि देवाचे गोठणे त्यात आहे. उक्षीचा हत्ती, कशेळीचा भलामोठा हत्ती, बारसू, रुंढे तळी हीही त्याच यादीतली. इथली एक गंमत म्हणजे शिल्पाजवळ होकायंत्र ठेवलं तर सुई भरकटते, कारण कातळात चुंबकीय गुण आहेत. फोनमधल्या होकायंत्राचंही तेच. म्हणून सड्यावर दिशेसाठी सूर्य आणि खालची खाडी यांवर भिस्त ठेवा, आणि पहिल्यांदा गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या. सडा सगळीकडे सारखाच दिसतो, दहा मिनिटांत माणूस चुकतो. सोबत आलेल्याच्या वेळेचे पैसे आपण होऊन द्यावेत.

शिल्पावर चप्पल-बूट घालून उभं राहू नका. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नका. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरकं असतं, रेषांत सावली भरते आणि आकृती आपोआप उमटते. हजारो वर्षं टिकलेली रेघ आपल्या एका फोटोसाठी झिजवायची नाही.

उतरताना सावध. जांभ्याचे गोल खडे पायाखाली घरंगळतात. छोटी पावलं टाका, गुडघे किंचित वाकवा, टाचेवर जोर देऊ नका.

दक्षिणेला, निवती-भोगवे

वेंगुर्ला तालुक्यातल्या निवतीचा किल्ला इतका बुटका आहे की पंधरा मिनिटांत वर पोचता. पडका तट, खंदक, झाडी. स्वच्छ हवा असेल तर समुद्रात दूर वेंगुर्ला रॉक्सवरचं दीपगृह दिसतं आणि पायाशी भोगव्याची पुळण. गावातून वाट विचारून पुळणीवर उतरा आणि उत्तरेकडे कर्ली खाडीच्या मुखापर्यंत चालत जा. पलीकडे देवबाग. ओहोटी संध्याकाळी असेल अशा दिवशी चारला निघालात तर ऊनही कलतं आणि पुळणही रुंद मिळते. खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ दिसलं तरी पायी ओलांडायचा विचार करू नका. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला आत जबरदस्त ओढ असते. पलीकडे जायचं तर होडी.

पिशवीत काय घ्याल

पाणी माणशी अडीच-तीन लिटर. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती पाणी जातंय ते कळत नाही आणि दुपारी डोकं ठणकायला लागतं. नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखर-लिंबू किंवा कोकम सरबताची बाटली बरोबर हवी. कडेची टोपी, मानेवर टाकायला सुती पंचा, पूर्ण लांबीची सुती पँट. बुटाचे तळ न घसरणारे. एक जोडी पट्ट्याची सँडल पुळणीसाठी. विजेरी, थोडी रोख रक्कम, कोरडा खाऊ. खाडीच्या खोलगट भागात फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि मुक्कामाच्या घरी कुठे चाललोय ते सांगून निघा.

जेवणाचं आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं. घरगुती खानावळीत माणसं मोजून रांधतात. दोन वाजता जाऊन आयत्या वेळी ‘काय मिळेल?’ विचारलं तर बिचाऱ्या मावशींची धावपळ होते.

साप आणि काटे

कोकणच्या कातळावर फुरसं असतं. लहानखुरा, मातकट साप, दगडाच्या फटीत किंवा पाचोळ्यात वेटोळं करून पडलेला. छेडला की अंगावरचे खवले घासून खरखर आवाज करतो. दगड उलटवू नका, गडग्याच्या भोकात हात घालू नका, बसण्याआधी जागा पाहा. चावलाच तर कापाकापी नको, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलवू न देता माणसाला धीर द्या, 108 ला फोन करा आणि जवळच्या सरकारी दवाखान्याकडे निघा. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका.

हिवाळ्यात झुडपांवर तपकिरी, लवदार शेंगा लोंबताना दिसल्या तर लांब राहा, ती खाजकुइली. आणि आंब्या-काजूच्या फांदीवर पानं चिकटवून केलेला गोळा म्हणजे लाल मुंग्यांचं घर, त्याखाली डबा उघडून बसू नये.

वाट विचारताना

इथली वाट पुष्कळदा कुणाच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून जाते. ‘काका, इथून गेलं तर चालेल ना?’ एवढं विचारलं की माणसं वाट दाखवतात, वर पाणीही देतात. ‘किती लांब?’ विचारू नका, कारण रोज चालणाऱ्याला सगळंच जवळ वाटतं. ‘किती वेळ लागेल?’ विचारा आणि मिळालेल्या उत्तराच्या दीडपट धरा. फेब्रुवारी ते मे आंब्याच्या बागेत शिरू नका, वाट तिथूनच असली तरी राखणदाराला हाक मारून परवानगी घ्या. पडलेला आंबासुद्धा बागवाल्याचा असतो. देवराईत पानफूल तोडायचं नाही.

परतीची सोय

कोकण रेल्वेची स्थानकं समुद्रापासून बरीच आत आहेत. स्थानकावरून तालुक्याला, तिथून गावाला, असं एसटीने जायचं. आडगावांना दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात, म्हणून उतरतानाच कंडक्टरला शेवटच्या गाडीची वेळ विचारा. रात्रीची वस्तीची गाडी पहाटे परत निघते, ती चालणाऱ्यांना फार उपयोगी.

दोन दिवस असतील तर खाड्यांवरच्या फेरीबोटींचा उपयोग करून घ्या. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या बोटी गाड्या नेतात तशी पायी माणसंही नेतात. हरिहरेश्वरची फेरी सकाळी करून बागमांडल्याला बोटीत बसलात की पलीकडे रत्नागिरी जिल्हा. तिथे बाणकोटचा छोटा किल्ला चालत पाहून होतो, आणि पुढे नाना फडणवीसांचं वेळास. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेळासच्या पुळणीवर कासवांची पिल्लं समुद्रात सोडली जातात. त्या दिवसांत अंधार पडल्यावर विजेरी घेऊन पुळणीवर हिंडू नका, अंडी घालायला आलेली मादी उजेडाने मागे फिरते. पहाटे स्वयंसेवक बोलावतील तेव्हा जा आणि त्यांनी आखलेल्या दोरीच्या मागे उभे राहा.